भूकंप शाळेच्या वेळेत आला तर?

बचत गटाच्या कामासाठी मी औसा, लोहारा, उमरगा या भागांतल्या गावांत फिरत असते. आज मात्र बचतीबद्दल नाही, मुलांच्या शाळेबद्दल बोलायचं आहे.

30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी तीन वर्षांची होते. मला काही आठवत नाही. सासूबाई सांगतात, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं, माणसं दमून झोपली होती. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं ओझं, सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. जवळपास दहा हजार माणसं गेली.

त्या वेळी शाळा रिकाम्या होत्या. पण भूकंप वेळ बघून येत नाही. 26 जानेवारी 2001 ला सकाळी कच्छमध्ये भूकंप झाला. तिथल्या अंजार गावात मुलं प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत अरुंद गल्लीतून चालली होती. दोन्ही बाजूंच्या इमारती कोसळल्या. 185 मुलं आणि 20 शिक्षक गेले. म्हणजे नुसतं बाहेर असून भागत नाही, मोकळ्या जागेत असावं लागतं.

आता माझाच अनुभव सांगते. आमचा गट एका शाळेत पोषण आहार शिजवतो. मागच्या पावसाळ्यात एके दिवशी जमिनीतून मोठा गूढ आवाज आला, पत्रे खडखडले. मुलं एकदम दाराकडे धावली. दार एकच, आणि त्याच्या कडेला तांदळाची पोती रचलेली. दुसरीतली एक मुलगी गर्दीत पडली, तिचा हात मोडला. आम्ही चौघीजणी गॅस तसाच पेटता ठेवून पळालो. जमीन फारशी हललीच नव्हती. मुलीला लागलं ते चेंगराचेंगरीत. आणि ती पोती आमच्याच गटानं तिथं ठेवली होती. याची आजही लाज वाटते.

पुढच्या मासिक बैठकीत आम्ही हाच विषय घेतला. गुरुजींना आणि बाईंना बोलावलं. चार गोष्टी ठरल्या.

पहिली, दार आणि व्हरांडा कायम मोकळा. कपाट भिंतीला पक्कं ठोकलेलं. शाळा भरलेली असताना जाळीच्या दाराला कुलूप नाही.

दुसरी, हादरे बसत असताना पळायचं नाही. बाक असेल तर त्याखाली शिरून पाय घट्ट धरायचा. बाक नसेल तर खिडकी आणि कपाटापासून लांब, आतल्या भिंतीजवळ वाकून बसायचं, दप्तर डोक्यावर घ्यायचं.

तिसरी, हादरे थांबले की रांगेनं मैदानात. भिंत, विजेचा खांब, पाण्याची टाकी यांपासून दूर. तिथं हजेरी घ्यायची. आपण आयांनीही मूल परस्पर उचलून न्यायचं नाही, बाईंना सांगूनच न्यायचं. नाहीतर घरी गेलेल्या मुलाला बाकीचे ढिगाऱ्यात शोधत बसतील.

चौथी आपली, स्वयंपाकवाल्यांची. गॅसचं बटण हाताशी असेल तर लगेच बंद करायचं आणि उकळत्या पातेल्यापासून बाजूला व्हायचं. हाताशी नसेल तर आधी डोकं वाचवायचं, हादरे थांबल्यावर गॅस बंद.

आता दर महिन्याला सराव होतो. पहिल्या वेळी नुसता गोंधळ आणि हसणं. तिसऱ्या वेळी मुलं न ढकलता मैदानात आली. हात मोडलेली ती मुलगी आता बरी आहे, पहिलीतल्या पोरांना तीच शिकवते.

पण भिंतच कच्ची असेल तर सराव पुरत नाही. तडे गेलेल्या, जुन्या दगड-मातीच्या खोलीत वर्ग भरवूच देऊ नका. आपल्याला विचारणार कोण, असं म्हणू नका. कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या बायका असतात. नाव आपलं असतं, सही आपली असते, तर प्रश्नही आपणच विचारायचा. जिल्हा परिषदेच्या इंजिनिअरकडून इमारत तपासून घ्या, असा लेखी ठराव करा. त्याची पोच घ्या. तोच विषय ग्रामसभेत मांडा.

शाळेच्या भिंतीवर दोन नंबर मोठ्या अक्षरात लिहून घ्या. रुग्णवाहिकेसाठी 108 आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी 1077.

या महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की लगेच उठू नका. सगळ्याजणी मिळून एकदा शाळेत जा आणि दारापाशी काय ठेवलंय ते बघा. सुरुवात तिथूनच करा.