शस्त्रक्रियेनंतर उरलेला प्रश्न

तान्ह्या मुलाचे डोके वयाच्या मानाने झपाट्याने वाढू लागले की घरातली माणसे म्हणतात, ‘डोक्यात पाणी झालंय.’ हे पाणी म्हणजे मेंदूच्या पोकळ्यांत रोज तयार होणारा आणि रोजच रक्तात शोषला जाणारा द्रव. त्याची वाट अडली किंवा शोषण मंदावले की तो साठतो आणि टाळू फुगते. मग न्यूरोसर्जन मेंदूच्या पोकळीतून कातडीखालून पोटापर्यंत एक बारीक नळी, म्हणजे शंट, घालतो. टाके निघाले की आपल्या लेखी गोष्ट संपते. पण याच टप्प्यावर सर्जनच्या हातात एक प्रश्न उरतो: हे पाणी साठलेच का? आणि त्याच्यामागे प्रयोगशाळेपर्यंत जाणे हा उपचाराचाच भाग आहे, असे माझे म्हणणे आहे.

पाणी नेमके का साठते हे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कुणालाच धड ठाऊक नव्हते. १९१३-१४ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात वॉल्टर डँडी हा सत्ताविशीतला सर्जन आणि केनेथ ब्लॅकफॅन हा बालरोगतज्ज्ञ यांनी कुत्र्यांच्या मेंदूतली द्रवाची अरुंद वाट मुद्दाम बंद केली, तेव्हा वरच्या पोकळ्या फुगल्या. मग मुलांच्या मेंदूत रंगद्रव्य सोडून ते पाठीच्या द्रवात उतरते का, हे पाहिले. वाट अडलेली आणि वाट मोकळी असूनही शोषण बिघडलेले, असे दोन प्रकार हाती आले. आज दुर्बिणीतून मेंदूच्या तिसऱ्या पोकळीच्या तळाला छिद्र पाडून नळी टाळता येईल का, हे ठरवताना सर्जन आधी हाच भेद तपासतो. कुत्र्यांवरचे ते प्रयोग असे आजच्या टेबलावर येऊन पोहोचले आहेत.

यावर रास्त आक्षेप असा की कामाची वाटणी करावी. सर्जनने शस्त्र चालवावे, शास्त्रज्ञाने उंदीर सांभाळावेत. बाहेर मुलांची रांग लागलेली असताना सर्जनचा एक दिवस प्रयोगशाळेत गेला तर ते पाप नाही का? आक्षेपात तथ्य आहे. सगळे शोध सर्जनचेच असतात, असेही नाही. गर्भधारणेआधीपासून घेतलेल्या फॉलिक अ‍ॅसिडने मणका उघडा राहण्याचा दोष (त्याच्याबरोबर पुष्कळदा डोक्यात पाणीही होते) पुढच्या बाळात पुन्हा होण्याची शक्यता ७२ टक्क्यांनी घटते, हे १९९१ साली सिद्ध झाले. त्या चाचणीला ऑपरेशन थिएटर लागले नाही. पण आपलीच नळी किती टिकते हे विचारायला ती घालणाराच लागतो. टोरांटोचे जेम्स ड्रेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३४४ मुलांवर शंटमधल्या तीन प्रकारच्या झडपा पडताळल्या. १९९८ साली निष्कर्ष आला तो असा: नव्या झडपा जुन्या झडपेपेक्षा सरस नाहीत, आणि दोन वर्षांत निम्म्याहून अधिक शंट निकामी होतात. म्हणजे रांगेतली कितीतरी मुले पुन्हा त्याच रांगेत येणारी असतात. रांग आटवायची तर कारणाकडेच जावे लागते.

युगांडातल्या म्बाले गावी बेंजामिन वॉर्फ या बालन्यूरोसर्जनच्या ध्यानात आले की तिथल्या बहुतेक बाळांच्या डोक्यात पाणी होते ते जंतुसंसर्गानंतर. पण नेहमीच्या कल्चरमध्ये जंतू उगवतच नव्हता. सर्जन असून प्रयोगशाळा चालवणाऱ्या स्टीव्हन शिफ यांच्या गटाने १०० बाळांच्या मेंदूद्रवातली जनुकीय द्रव्ये वाचली आणि २०२० साली पेनिबॅसिलस या जंतूकडे बोट दाखवले. पुढे प्राणवायूविना केलेल्या कल्चरमध्ये तो उगवलाही. शस्त्रक्रियेच्या वेळी हाती आलेला द्रव नुसता ओतून दिला असता, तर हा धागा मिळालाच नसता.

दुसरा आक्षेप आपल्या घरचा आहे: हे सारे बाल्टिमोर-टोरांटोला परवडते, खानदेशला कसे परवडावे? पण म्बाले काही बाल्टिमोर नव्हे. शिवाय तिथे १९५ मुलांवर महागड्या अमेरिकी शंटच्या तोडीस तोड ठरला तो आपल्याच देशात, उत्तर प्रदेशातल्या शहाजहानपूरला बनणारा छाब्रा शंट. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. अतुल गोयल यांनी मानेचे पहिले दोन मणके स्क्रूने जखडण्याची पद्धत १९९४ साली मांडली, ती आज जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांच्याच विभागातून पुढे त्या मणक्यांच्या सुक्या हाडांची मोजमापे प्रसिद्ध झाली. केईएम हे महापालिकेचे रुग्णालय, आणि हाड मोजायला परदेशी यंत्र लागत नाही.

खानदेशातल्या धुळ्याला तर नोंदींचे हे महत्त्व नव्याने सांगायला नकोच. गावोगाव हिंडून जुनी दप्तरे गोळा करणाऱ्या इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांच्या नावाचे संशोधन मंडळ इथे आहे. कागद हाती असल्याशिवाय विधान करू नये, हा त्यांचा हट्ट. आपल्या रुग्णालयांतले केसपेपर हेही दप्तरच, फक्त ते रद्दीत जाते! धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला आणि २०१८ साली सुरू झालेल्या जळगावच्या महाविद्यालयाला एक सामायिक नोंदवही ठेवता येईल. सातपुड्यातून, धडगाव-अक्कलकुव्याकडून, चोपडा-यावलकडून येणाऱ्या प्रत्येक बाळासाठी तिच्यात विचारायचे: डोके वाढण्याआधी ताप आला होता का, घरात कुणाला क्षय होता का, आईने दिवस राहण्याआधी फॉलिक अ‍ॅसिड घेतले होते का, नळी कधी घातली आणि कधी बंद पडली. आणि शस्त्रक्रियेच्या वेळी निघालेल्या द्रवाची एक बाटली, पालकांची संमती घेऊन, गोठवून ठेवायची.