एमसीबी बदलण्याआधी

मी बडोद्यात २६ वर्षं घरांच्या वायरिंगचं काम करतोय. वायरमनचा परवाना आहे, हाताखाली चार मुलं शिकतात. आज बोलायचंय ते डीबीच्या पेटीत ओळीनं बसलेल्या खटक्यांबद्दल, म्हणजे एमसीबीबद्दल. तुम्ही इंदूरला असा, हैदराबादला असा की बेळगावला, पेटी साधारण सारखीच असते आणि तक्रारही सारखीच असते: "एमसीबी खराब झालीय, सारखी पडते, बदलून द्या."

सारखी पडणारी एमसीबी बहुतेक वेळा धडधाकट असते. ती तिचं काम करतेय म्हणून पडते. भीती वाटावी ती पडायला हवी तेव्हाही न पडणारीची, आणि तिच्यासाठी मला कुणी फोन करत नाही.

ही बघा, माझ्या हातात १६ अँपिअरची जुनी एमसीबी आहे, मुलांना शिकवायला बाजूनं कापून ठेवलीय. आत दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. ही दोन धातूंची पट्टी. झेपेल त्याहून जास्त करंट बराच वेळ गेला की पट्टी तापते, वाकते आणि खटका सोडते. आणि ही तारेची गुंडाळी. शॉर्टसर्किट झालं की एकदम प्रचंड करंट जातो, गुंडाळीचं चुंबक होतं आणि पापणी लवायच्या आत खटका पडतो. पट्टीला वेळ लागतो, गुंडाळीला लागत नाही. हे एवढं लक्षात ठेवा, निदानाचं निम्मं काम इथेच होतं.

म्हणून मी फोनवर पहिला प्रश्न विचारतो, "कधी पडते?" खटका वर केल्या केल्या फाडकन पडत असेल तर ते गुंडाळीचं काम. कुठेतरी फेज आणि न्यूट्रल भिडलेत. अशा वेळी पुन्हा पुन्हा खटका वर करून बघू नका, दर वेळी तो शॉर्ट पुन्हा घडतो. त्या लाइनवरच्या सगळ्या वस्तूंचे प्लग काढा आणि एकदाच करून बघा. टिकली तर दोष वस्तूत आहे, नाही टिकली तर वायरिंगमध्ये किंवा बोर्डात. दहा-वीस मिनिटांनी पडत असेल तर ते पट्टीचं काम. मग लोड जास्त आहे, किंवा कुठेतरी उष्णता तयार होतेय. आणि मोटर सुरू होण्याच्या क्षणीच पडत असेल तर एमसीबीवरचं अक्षर वाचा. 'बी' असेल तर ती तिच्या आकड्याच्या तीन ते पाच पटीला लगेच पडते, 'सी' असेल तर पाच ते दहा पटीला. मोटर सुरू होताना क्षणभर बराच करंट ओढते, तिथे 'सी' लागते.

आता एक हिशोब. १६ ची एमसीबी १६ अँपिअरला पडते असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. साधारण १८ अँपिअरला तिनं तासभर टिकायचं असतं आणि साधारण २३ ला तासाच्या आत पडायचंच असतं. हे मानकातलं आहे, आणि तेही ३० अंश तापमानाला. बडोद्याच्या मे महिन्यात बंद पेटीच्या आत ३० अंश कुठून आणायचे? त्यामुळे उन्हाळ्यात एमसीबी थोडी लवकर पडली तर तिला नावं ठेवू नका.

दोन उन्हाळ्यांपूर्वीचं एक घर सांगतो. दीड टनाचा एसी, त्याला १६ ची एमसीबी. दुपारी तीनच्या सुमारास पडायची. पंधरा दिवसांत दोघांनी बदलली, तरी पडतच होती. तिसऱ्यानं सरळ ३२ ची बसवली आणि ती पडायची थांबली. त्या ताईंनी तरीही मला बोलावलं. म्हणाल्या, "दादा, आता पडत नाही, पण पेटीजवळ वास येतो."

मी टाँग टेस्टर लावला. एसी ८ अँपिअर घेत होता, म्हणजे १६ च्या निम्मा. लोडचा प्रश्नच नव्हता. पुरवठा बंद करून एमसीबीचा स्क्रू सोडला तर वायरचं टोक काळं पडलेलं, प्लास्टिक कडक होऊन तडकलेलं. मूळचा स्क्रू कधीतरी ढिला राहिला होता. ढिल्या जोडावर उष्णता तयार होते, ती एमसीबीच्या पट्टीपर्यंत जाते आणि पट्टी वाकते. निम्म्या करंटलाही १६ ची एमसीबी का पडत होती, ते हे. दोन्ही वेळा एमसीबी नवी आली, पण जळकं टोक तेच पुन्हा आत खुपसलं गेलं. आणि ३२ चीला तेवढ्या उष्णतेचं काहीच वाटत नव्हतं. जोड जळत राहिला आणि सांगणारं कुणी उरलं नाही.

आत वायर होती अडीच स्क्वेअर एमएमची. ३२ ची एमसीबी ३६ अँपिअरसुद्धा तासभर मुकाट्यानं वाहू देते. भिंतीतल्या पाइपातून गेलेल्या अडीचच्या वायरला ते झेपत नाही. म्हणजे उद्या खरंच लोड वाढला असता तर आधी वायर जळाली असती. एमसीबी एसीच्या रक्षणासाठी असते असा समज आहे. ती वायरसाठी असते. तिचा आकडा वायरची जाडी बघून ठरतो, आणि जाड वायर न घालता मोठी एमसीबी घालणाऱ्याला मी माझ्या मुलांच्या भाषेत 'आग्या' म्हणतो. मी त्या घरात वायर चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे कापली, सगळ्या तारा एकत्र पिळून आत घेतल्या, १६ ची नवी एमसीबी लावली आणि स्क्रू आवळला. काम वीस मिनिटांचं होतं.

मग एमसीबी खरोखर खराब कधी समजायची? खालची, म्हणजे घराकडे जाणारी वायर काढून टाकली तरी खटका वर टिकत नसेल तेव्हा. मात्र नुकतीच तापून पडली असेल तर दोन-चार मिनिटं थंड होऊ द्या, पट्टी सरळ व्हायला वेळ लागतो. खटका वर आहे, वरून पुरवठा येतोय आणि खालून निघत नाही, तेव्हा. खटका लुळा पडलाय, अंग तपकिरी झालंय, किंवा जोड घट्ट असूनही आतून चरचर येते, तेव्हा. मोठा शॉर्ट झेललेली एमसीबीही मी बदलतो. उघडून दुरुस्त करायची वस्तू नाही ती.

बदलण्याच्या कामाबद्दल. हे परवाना असलेल्या माणसाचं काम आहे आणि मी तुम्हाला ते घरी करायला सांगत नाही. पण तो माणूस काय करतोय ते उभं राहून बघा. मेन बंद केला म्हणजे पेटी मेली, असं नसतं. मेनच्या वरच्या टोकांवर मीटरकडून आलेला पुरवठा जिवंतच असतो. शिवाय इन्व्हर्टर. तुम्ही मेन पाडला की त्याला वाटतं लाइट गेली, आणि तो पेटीतल्या काही लाइनींना इमानदारीनं पुरवठा सुरू करतो. इन्व्हर्टर त्याच्या बटणानं बंद करून त्याची लाइन सोडवल्याशिवाय हात घालू नये. टेस्टर आधी चालू सॉकेटवर तपासावा, मग पेटीत, मग पुन्हा चालू सॉकेटवर. मधल्या वेळात टेस्टरच बिघडला असेल तर तो सगळीकडे 'बंद' दाखवतो. नवी एमसीबी तोच आकडा, तेच अक्षर, आयएसआय खूण आणि पक्कं बिल बघून घ्यावी.

आता त्याच पेटीतल्या रुंद खटक्याकडे येऊ, ज्यावर छोटं टेस्टचं बटण असतं. ती आरसीसीबी. तिला लोडशी देणंघेणं नाही. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो की नाही, एवढंच ती बघते. घरगुती आरसीसीबीवर बहुधा ३० मिलिअँपिअर लिहिलेलं असतं. एवढा करंट वाट चुकून जमिनीत किंवा माणसातून गेला की ती पुरवठा तोडते. जीव वाचवणारी वस्तू हीच, आणि पेटीतून सर्वांत आधी हिलाच काढून टाकतात.

एका टेनामेंटमध्ये गेलो होतो, पंख्याच्या कामाला. भांडी घासणाऱ्या मावशी मागच्या दारात उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "भाऊ, नळाला झिणझिण्या येतात. गिझर चालू असला की येतात, नाहीतर नाही." घरात त्यांनी दोनदा सांगितलं होतं. ओले हात आहेत म्हणून होतं, असं उत्तर मिळालं होतं. निम्मं निदान त्यांनी केलेलंच होतं, त्यांना कुणी विचारलं नव्हतं एवढंच.

पेटी बघितली. आरसीसीबी जागेवर, खटका वर. टेस्टचं बटण दाबलं, काही झालं नाही. झाकण काढलं तर तिच्या दोन्ही वायरी काढून बाहेरच्या बाहेर जोडून दिलेल्या. पावसाळ्यात सारखी पडायची, म्हणून कुणीतरी तोडगा काढला होता. नुसती शोभेला ठेवलेली. गिझरचा एलिमेंट मेगरवर जवळजवळ शून्य दाखवत होता, म्हणजे त्याचा करंट थेट टाकीच्या पत्र्यावर. आणि प्लगमधली अर्थिंगची तार तुटलेली. त्या मावशी आणि २३० व्होल्ट यांच्यामध्ये फक्त पाइपातलं पाणी होतं.

गिझर बंद ठेवला, नवी आरसीसीबी लावली. पडली. खालच्या सगळ्या एमसीबी बंद केल्या, तरी पडली. इथे भलेभले नव्या आरसीसीबीला दोष देतात. घरच्या एमसीबी बहुधा फक्त फेज तोडतात, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. न्यूट्रल कुठे अर्थिंगला किंवा ओल्या भिंतीला चिकटला असेल तर एमसीबी बंद करूनही आरसीसीबी पडू शकते. मग पुरवठा तोडून न्यूट्रलच्या पट्टीवरून एकेक तार सोडवायची, पुन्हा चालू करून बघायचं. पाचव्या तारेला टिकली. ती निघाली अंगणातल्या दिव्याची, दिव्यात पावसाचं पाणी साचलेलं. पावसाळ्यातल्या पडण्याचं मूळ तिथे होतं, बारकंसं. एक दिवा बदलायचा सोडून सगळ्या घराचं संरक्षण काढलं होतं. एलिमेंट आणि अर्थिंगचं काम झाल्यावर मी मावशींनाच बोलावलं. आधी मीटरनं नळ तपासला, मग त्यांनी हात लावला. म्हणाल्या, "आता नाही."

तुमच्या घरी आरसीसीबी असेल तर कॉम्प्युटर नीट बंद करा, लिफ्ट किंवा कुणाचं ऑक्सिजनचं यंत्र त्या लाइनवर नाही ना ते बघा आणि पुरवठा चालू असताना टेस्टचं बटण दाबा. खाडकन पडली तर खटका पुन्हा वर करा आणि पेटीच्या दाराला आतून कागद चिकटवून तारीख लिहा. मी महिन्यातून एकदा करतो. नाही पडली तर उद्याच वायरमनला बोलवा, आणि तो आल्यावर झाकण काढून वायरी खरोखर तिच्यातून गेल्यात का, ते दाखवायला सांगा.