वाडी, बावखल आणि शेतकऱ्याची युक्ति
(महोत्सवानिमित्त भरलेल्या शेतकरी मंडळींच्या सभेंत केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या ह्या महोत्सवप्रसंगीं देवळाच्या इतिहासाविषयीं आणि येथें सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंविषयीं अनेक वक्ते बोलतील, आणि तें योग्यच आहे. आमच्याकडे जो विषय सोंपविण्यांत आला आहे, तो त्या मानानें अगदीं साधा, मातीचा आहे. परंतु ज्या हातांनीं आपल्या वाडवडिलांनीं देवळाच्या भिंतीचे दगड वाहिले, त्याच हातांनीं ते पहांटे रहाटाचे बैल हांकीत असत. तेव्हां वसईची वाडी आजवर कोणत्या युक्तीनें टिकली आणि पुढें कशाच्या आधारें टिकेल, ह्याचा विचार आजच्या दिवशीं करणें अप्रस्तुत होणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.

वसईच्या पश्चिम पट्टींतला आपला शेतकरी केवळ भातकरी नव्हे, केवळ माळी नव्हे आणि केवळ गवळीही नव्हे. तो ह्या तिघांचें मिश्रण आहे. सखल जमिनींत त्याचें भात, उंचवट्यावर त्याची वाडी, वाडींत केळी, पानवेल, भाजी आणि फुलें, बांधावर नारळ, आणि दारांत म्हैस व चार कोंबड्या, असा त्याचा परंपरागत संसार. परक्या मनुष्यास वाटेल कीं, ह्याचें एक धड नाहीं! परंतु ह्या पसाऱ्यामागें पक्का हिशेब आहे. भाताचा पेंढा म्हशीपुढें पडतो, आणि त्याच पेंढ्यांत केळीं पिकविलीं जातात. म्हशीचें शेण उकिरड्यांत कुजून केळीच्या आळ्यांत येतें. केळीचा वाक बांधावयास आणि तिचें सोपट फुलांच्या हारास उपयोगी पडतें. एकाचा जो केर, तें दुसऱ्याचें अन्न. बाहेरून विकत घ्यावी लागे ती पेंड आणि सुक्या मासळीचें खत. आणि तेंही मुख्यत्वेंकरून पानवेलीचे लाड पुरविण्यासाठीं.

ह्या मिश्रणाचा दुसरा लाभ संकटाच्या वेळीं कळतो. १७ मे २०२१ रोजीं तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलें, त्याची आठवण आपणां सर्वांस आहे. केळीच्या खांबांत लांकूड नसतें. घडाच्या भारानें वांकलेली केळ वाऱ्याच्या पहिल्या तडाख्यांतच आडवी होते. परंतु त्याच वाडींत जमिनीच्या पोटांत असलेल्या सुरणास व कोनफळास वारा कांहीं करूं शकत नाहीं, आणि छाटून बुटका ठेविलेला मोगरा पुन्हां फुटतो. ज्याची सारी जमीन एका पिकाखालीं, त्याचें वर्ष एका रात्रींत जातें. ज्याचीं पांच पिकें, त्याचीं दोन गेलीं तरी तीन राहतात. आपल्या आजोबांनीं हें तत्त्व कोणत्याही ग्रंथांत वाचलें नव्हतें, तें त्यांस अनुभवानें ठाऊक होतें.

आतां कोणी म्हणेल कीं, ही जुन्या लोकांची रीति म्हणजे केवळ वहिवाट. तींत नवें तें काय? आमचें म्हणणें असें कीं, आपल्या वाडीइतका बदल फार थोड्या ठिकाणीं झाला असेल. एके काळीं ह्या भागांत ऊंस उभा असे आणि गुऱ्हाळें चालत. पुढें रेल्वे आली. १८६७ सालीं विरारहून मुंबईस गाडी सुरू झाली, आणि मुंबईची बाजारपेठ आपल्या दाराशीं आली. मग केळी आणि पान ह्यांस महत्त्व आलें. वसईचें पान आगगाडीनें दूर उत्तरेकडे जाऊं लागलें. मुंबई वाढली तशी तिची भाजीची भूक वाढली, आणि आपल्या माताभगिनी डोईवर पाट्या घेऊन पहिल्या गाडीनें मुंबईच्या दारोदार पोंचल्या. ह्या बदलाचें अर्धें श्रेय त्यांचें आहे. कोणत्या घरीं कोणती भाजी हवी, कोणत्या सणास कशास भाव येतो, ही बातमी त्यांनींच सायंकाळीं घरीं आणावी आणि पुढल्या वाफ्यांत काय लावावयाचें तें त्यावरून ठरावें, असा तो क्रम होता.

पानवेल लावावयाची म्हणजे मांडव, आधाराचीं झाडें, पेंड व मजुरी ह्यांवर आधीं रोकड खर्चावी लागे, आणि पान हातीं येई तें पुष्कळ महिन्यांनंतर. ह्या मधल्या काळांत शेतकरी सावकाराच्या हातीं सांपडे. १९१८ सालीं मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस ह्यांच्या पुढाकारानें बेसिन कॅथॉलिक सहकारी पेढी स्थापन झाली, तिचें महत्त्व ह्या दृष्टीनें पाहिलें पाहिजे. नवें पीक लावण्याची युक्ति एकाची असते, परंतु ती जमिनींत उतरविण्याचें भांडवल पुष्कळांनीं मिळून उभें करावें लागतें.

शेतकऱ्याच्या कल्पकतेचा उत्तम मासला पाहावयाचा असेल, तर तो आपल्या सुकेळ्यांत पाहावा. राजेळी केळीं पिकून एकदम तयार झालीं, कीं तितकीं खपत नाहींत. भाव पडतो आणि माल डोळ्यांदेखत काळा पडतो. ह्या अडचणीवर पूर्वजांनीं काढलेला तोडगा असा : पावसाळा सरल्यावर जें कडक ऊन पडतें, तेंच हातीं धरावयाचें. पिकलेलीं केळीं सोलून उन्हांत मांडावयाचीं, रात्रीं दंवापासून झांकावयाचीं, दिवसामागून दिवस परतावयाचीं, आणि मधासारखा रंग आला म्हणजे वाळलेल्या सोपटांत घट्ट बांधावयाचीं. जें फळ चार दिवस टिकत नाहीं, तें असें केल्यानें महिनोन् महिने टिकतें. साखर नाहीं, यंत्र नाहीं, सरपण नाहीं; आवरणसुद्धां त्याच झाडाचें! मात्र वेळीं-अवेळीं पाऊस येऊं लागल्यामुळें ही वाळवण धोक्यांत येते. ज्या तरुणांस सुतारकाम येतें, त्यांनीं वर कांच व बाजूंस वाऱ्याचीं भोकें असलेली वाळवणीची पेटी करून पाहावी. ऊन तेंच, परंतु धूळ, माशी आणि अवचित सर ह्यांपासून माल सुरक्षित राहील.

तीच गोष्ट फुलांची. जमीन भावाभावांत वांटली जाऊन गुंठ्यांवर आली. इतक्याशा तुकड्यावर केळीचा बाग परवडेना. तेव्हां थोड्या जागेंत अधिक दाम देणारें पीक म्हणून शेतकरी फुलांकडे वळला. सोनचाफ्याचें बियांपासून वाढविलेलें झाड फुलावयास वर्षें लावतें आणि उंच जातें. कलम मात्र लवकर फुलतें, आणि छाटून हाताच्या उंचीवर ठेवितां येतें, म्हणजे शिडी नको. मोगऱ्याचें पाणी हिंवाळ्यांत तोडून, छाटणी करून, मग खतपाणी दिलें म्हणजे त्यास नवी फूट येऊन कळ्या भरघोस धरतात. ह्या कळ्या व फुलें उजाडण्यापूर्वीं खुडून पहिल्या गाड्यांनीं दादरच्या बाजारीं पोंचवावीं लागतात, कारण ऊन चढलें कीं मालाचें मोल उतरतें. नोकरीवर जाणारा पुत्र जातां-जातां हा भारा उतरवून पुढें कचेरींत जातो, अशीं घरें आपल्यांत आहेत. नोकरी आणि वाडी ह्या सवती नव्हत, हें अशा घरांनीं दाखवून दिलें आहे.

बंधुभगिनींनो, येथवर आम्ही युक्तीची स्तुति केली. आतां जी गोष्ट कोणत्याही युक्तीनें निर्माण होत नाहीं, तिजकडे वळूं. ऊंस गेला, केळी आली. केळी कमी झाली, भाजी आली. भाजीच्या शेजारीं फुलें आलीं. पीक बदलत गेलें, परंतु प्रत्येक पिकाच्या मुळाशीं गोडें पाणी तेंच होतें. तें बदलून चालत नाहीं.

हें पाणी राखण्याचें आपलें साधन म्हणजे बावखल. परगांवच्या पाहुण्यांसाठीं सांगतों कीं, वाडीच्या शिंपणासाठीं खणलेल्या गोड्या पाण्याच्या तळ्यास आपल्याकडे बावखल म्हणतात. पावसाळ्यांत गांवाचें पाणी त्यांत सांठतें आणि तळाशीं मुरतें, म्हणून आजूबाजूच्या विहिरी भरतात. आणि त्यांतून उपसलेला गाळ झाडांच्या मुळाशीं पडतो. त्यावर रहाट बसवीत. रहाटाचा एक गुण आपल्या ध्यानांत सहसा येत नाहीं : बैल थकत असत, म्हणून पाण्यालाही विसांवा मिळे. पुढें तेलाचें एंजिन आलें, मग विजेचा पंप आला. श्रम वांचले ही मोठीच सोय झाली. परंतु पंप थकत नाहीं, आणि थांबावें केव्हां हें त्यास कळत नाहीं.

समुद्र व खाडी ह्यांच्या सान्निध्यांतील वालुकामय जमिनीखालीं खारें पाणी असतें, आणि पावसाचें गोडें पाणी हलकें असल्यामुळें त्याच्यावर तरंगतें. ह्याचा हिशेब १९ व्या शतकाच्या अखेरीस एका डच आणि त्यानंतर एका जर्मन संशोधकानें मांडला आहे. समुद्राचें पाणी गोड्या पाण्याहून शेंकडा सुमारें अडीच जड असतें. त्यावरून समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ फूट असली, तर खालीं तो थर सुमारें ४० फूट खोल असतो, असें निघतें. जमिनीच्या जातीप्रमाणें आंकडा कमीजास्त होईल, परंतु मर्म तेंच. ह्याची उलट बाजू भयंकर आहे. वरची पातळी १ फूट उतरली, कीं खालून खारें पाणी कालांतरानें ४० फूट चढूं पाहतें. विहिरींत हातभर पाणी कमी दिसतें एवढ्यावर आपण निश्चिंत राहतों, आणि खालीं मात्र शत्रु ताडाच्या उंचीइतका वर आलेला असतो. एकदां विहीर खारट झाली, म्हणजे तेथें सोनचाफ्याचें कलम, उत्तम खत आणि सहकारी कर्ज हीं सारींच व्यर्थ होत.

वस्ती वाढली तशी टँकरांनीं आपल्या पट्टींतल्या विहिरींचें पाणी उपसून नेलें जाऊं लागलें, तेव्हां हाच धोका ओळखून फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) ह्यांनीं हरित वसईची चळवळ उभी केली. पुढें ३ जुलै २००९ रोजीं महानगरपालिका आली. ह्या काळांत कित्येक बावखलें भरावाखालीं गेलीं. त्याचें फळ दुहेरी आहे : उन्हाळ्यांत पाणी खालीं जातें, आणि पावसाळ्यांत पाण्यास जावयास जागा राहत नाहीं. जुलै २०१८ मध्यें वसई जलमय झाली, तेव्हां तळीं व ओहोळ म्हणजे रिकामी पडलेली जागा नव्हे, हें सर्वांच्या प्रत्ययास आलें.

तर मग करावें काय? आम्ही तीनच गोष्टी सुचवितों. पहिली, जें बावखल अद्याप उघडें आहे त्याचा गाळ वैशाखांत गांवानें मिळून काढावा आणि वांटून घ्यावा. दुसरी, घराच्या छपराचें पाणी वांया दवडूं नये. १,००० चौरस फूट छपरावर ८० इंच पाऊस पडला, तर सुमारें १ लक्ष ८८ हजार लिटर पाणी होतें. त्यांतलें चौथाई गेलें असें धरिलें, तरी १ लक्ष ४० हजार लिटर विहिरींत उतरवितां येईल. पहिल्या सरींचें मळकें पाणी सोडून द्यावें आणि पुढचें खडी व वाळू ह्यांतून गाळून घ्यावें. तिसरी, शिंपण पाटानें न करितां ठिबकानें करावें, आळीं पालापाचोळ्यानें झांकावीं, आणि पंपास बैलासारखा विसांवा द्यावा.

जमिनीस आज जो भाव आहे, तो कोणत्याही पिकांतून निघणार नाहीं, हें आम्ही जाणतों. ज्याच्या घरीं आजारपण किंवा शिक्षणाची निकड आहे, त्यास उपदेश करण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. परंतु एक विनंति आहे. वाडी एकाची असली, तरी तिच्या खालचें पाणी एकाचें नसतें. एका बावखलाचा भराव दहा विहिरींना बाधतो. म्हणून वाडी विकण्याचा प्रसंग आला तरी बावखल राखून ठेवावें, आणि तें राखण्याचा भार गांवानें उचलावा.

पुढल्या महोत्सवास आपल्या वाड्यांतून कोणतें पीक उभें असेल, तें आम्हांस सांगतां येत नाहीं. कदाचित् तें आज आपणांस ठाऊकही नसेल. आपल्या मुलानातवंडांची बुद्धि तें शोधून काढील, ह्याविषयीं आम्हांस शंका नाहीं. त्यांस युक्ति शिकविण्याची गरज नाहीं, ती त्यांच्या रक्तांत आहे. त्यांच्यासाठीं विहिरींत गोडें पाणी तेवढें आपण शिल्लक ठेवूं या.