लहान मंडळीचा पाळक

अहमदनगराच्या बाजूस एखाद्या खेड्यांतील ख्रिस्ती मंडळी कधीं दहापंधरा घरांचीच असते. पाळक एक, गांवें तीनचार. म्हणून कित्येक रविवारीं उपासना त्याच्यावांचून चालवावी लागते. मंडळी तगते किंवा मोडते ती त्या रविवारीं. यासाठीं शहाणा पाळक आधीं दोघां वडिलांस शास्त्रपाठ नीट वाचण्यास व प्रार्थना चालविण्यास शिकवितो. स्वतःच्या वक्तृत्वाची चिंता त्यानें मागाहून करावी.

दानार्पण दोघांनीं सर्वांदेखत मोजावें, वहींत लिहून सह्या कराव्या, व दरमहा हिशेब वाचून दाखवावा. चार रुपये असोत कीं चारशें. संशय कांहीं रक्कम पाहून येत नाहीं!

गायनाची सोय आयतीच आहे. १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनीं अभंग-ओवीच्या वळणावर भजनें रचून ठेविलीं आहेत. निरक्षर आजीबाईंसही तीं पाठ होतात. पेटी नसली तरी टाळ पुरतात.

भांडण मात्र व्यासपीठावरून मिटवूं नये. उपदेशांत टोमणा आला कीं ज्याला तो लागला तें घर पुढच्या रविवारीं रिकामें दिसतें, आणि दहा घरांत एक घर म्हणजे थोडें नव्हे. त्याच आठवड्यांत पाळकानें दोन्हीं घरीं जावें, आधीं ऐकून घ्यावें, आणि चहा दोहोंकडचाही घ्यावा.