हिरवा दिवा, पिवळा दिवा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. चार माणसांसमोर उभी राहून बोलण्याची ही माझी पहिलीच वेळ. तेव्हा चुकलेमाकलेले पोटात घाला. संगणकावर बोलणारी ही कोण, असे तुम्हांला वाटेल. पण तो संगणक आता माझ्याच घरात येऊन बसला आहे, म्हणून बोलते.

माझी लेक एका कंपनीत नोकरीला आहे. आठवड्यातले तीन दिवस ती घरूनच काम करते. पडद्यावर तिच्या नावापुढे एक बारीक दिवा असतो. हात चालू असला की तो हिरवा. पाच मिनिटे हात थांबला की पिवळा. महिनाअखेर त्याची बेरीज होऊन तिला गुण मिळतात. गंमत अशी, की तोच संगणक दुपारी सांगतो, "थोडे थांबा, दीर्घ श्वास घ्या." आणि थांबावे तर दिवा पिवळा!

गेल्या पावसाळ्यात पोरीचे गुण घसरले. तेव्हापासून जेवतानाही तिचा एक हात माऊसवर. मान अवघडली, झोप उडाली. आणि मी काय करावे? येताजाता विचारीत राहिले, "झाले का गं काम? आज गुण किती?" एके दिवशी ती रडून म्हणाली, "आई, तिथे एक दिवा आहेच, तू दुसरा होऊ नकोस." ते बोलणे माझ्या मनाला फार लागले.

मग मी विचार केला. वरण शिजत असते तेव्हा आपण ओट्याशी नुसत्या उभ्या दिसतो, पण सारे लक्ष पातेल्यात असते. कुणी नुसते हात मोजले, तर आपण आळशीच ठरू. लेकीचेही तसेच. ती गिऱ्हाइकाशी फोनवर बोले, कागदावर हिशेब मांडी, तेव्हा दिवा पिवळा होई.

आम्ही मायलेकींनी जुन्या वहीत पंधरा दिवस टिपण ठेवले. दिवा पिवळा असताना कोणते काम झाले, किती वेळ झाले. ती वही घेऊन ती आपल्या वरिष्ठ बाईंकडे गेली. त्यांनी ती नीट वाचली. दिवा काही गेला नाही, गेलेले गुणही परत आले नाहीत. पण फोनवरचा वेळ कामात धरू लागले.

यंत्राला मी नावे ठेवीत नाही. कुणावर कामाचा भार जास्त पडतो, हेही तेच दाखवू शकते. त्याचा उपयोग मदतीसाठी करायचा की धाकासाठी, हे माणसाने ठरवायचे. लेकीने मला सांगितले, 2020 साली मायक्रोसॉफ्ट कंपनीने असेच गुणांचे एक साधन काढले होते. एकेका नोकराची नोंद त्यात नावानिशी दिसे. लोकांनी टीका केली, तेव्हा त्याच वर्षी डिसेंबरात नावे काढून टाकली. म्हणजे बोलले तर बदल होतो.

जागतिक आरोग्य संघटनेनेही 2019 साली मान्य केले, की कामाचा ताण वेळीच आवरला नाही तर माणूस पार थकून जातो. तो आजार नव्हे, पण कामातूनच येतो. तेव्हा मुलांना "नाटके करू नकोस" म्हणू नका. मन फारच जड झाले तर 14416 हा सरकारी टेली-मानसचा क्रमांक आहे. 2022 पासून चालू आहे. पैसे पडत नाहीत, रात्रीअपरात्रीही फोन करता येतो. आपल्या स्वयंपाकघरात तो लिहून ठेवा.

आणि एक विनंती. पोर कामावरून उठली, की गुण विचारू नका. आधी "जेवतेस ना?" एवढेच विचारा. मी आता तसेच करते.