वाडा कोणाचा?



मी कामगार चळवळीतला माणूस, इतिहासाचा पंडित नव्हे. वाईच्या जुन्या वाड्यांवर बोलायला मला बोलावलेत, तेव्हा मी गवंड्याच्या बाजूनेच बोलणार.

वाई म्हटले की रास्त्यांचे नाव निघते. कृष्णाकाठाने मेणवलीला गेले की नाना फडणविसांचे. नाना १८०० साली वारले. त्यांचा सहा चौकांचा वाडा अजून उभा आहे. घाटावरची घंटा १७३९ च्या वसईच्या विजयातली म्हणून आपण पाहुण्यांना दाखवतो. हीच आपल्या गावची ओळख. पण जोत्याचे दगड घडवणारा पाथरवट, सागवानी खांब तासणारा सुतार, घाणीत चुना मळणारा मजूर, यांची नावे कोण सांगतो?

जुने वाडे केवळ वयाने पडत नाहीत. चुन्याची भिंत ओल बाहेर टाकते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते आणि भिंत पोखरते. दुरुस्तीच्या नावाखाली आपण हेच करतो. कारण चुन्याचे काम जाणणारा गवंडी पोटासाठी दुसरीकडे गेला.

म्हणून माझे मागणे साधे आहे. वाडा राखायचा तर त्या गवंड्याला बारमाही काम द्या, पुरी मजुरी द्या, त्याच्या हाताखाली चार पोरे शिकू द्या.

माझेच सोबती विचारतात, "सरदारांच्या वाड्यांचे तुम्हाला काय?" मी म्हणतो, "राहिले सरदार, बांधला आपण. मग तो पडू कसा द्यायचा?"