आधार खरा, निष्कर्ष कच्चा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थ्यांच्या गुणगौरवप्रसंगी केलेले भाषण)



गुणगौरवाच्या या मंगल प्रसंगी चार शब्द सांगण्याचे काम कार्यवाहांनी मजसारख्या निवृत्त शिक्षकावर सोपविले, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. विषय मात्र माझा मीच निवडला आहे, आणि तो ऐकून आपणांस नवल वाटेल. मी जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेला, उभा जन्म मराठी शाळेत फळ्यापुढे काढलेला मनुष्य. आणि बोलणार आहे ते जीमॅट नावाच्या परीक्षेतील एका प्रश्नप्रकाराविषयी! हा अधिकार तुम्हाला कोणी दिला, असे कोणी विचारील, तर माझ्या पुतणीने, एवढेच माझे उत्तर आहे.

जीमॅट ही पदवीधरांची परीक्षा. व्यवस्थापनशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी परदेशांतील अनेक विद्यालये आणि आपल्याकडील हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेससारख्या संस्था तिचे गुण प्रवेशासाठी विचारात घेतात. १९५४ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या परीक्षेला २०२३ च्या अखेरीस नवे स्वरूप मिळाले. आता तिचे तीन विभाग आहेत व प्रत्येकास ४५ मिनिटे मिळतात. गणिताचे २१ प्रश्न, भाषेचे २३ आणि माहितीच्या आकलनाचे २०. एकूण गुणांक २०५ पासून ८०५ पर्यंत. भाषेच्या विभागात आता व्याकरणाचे प्रश्न नाहीत. उताऱ्यांचे वाचन आणि युक्तिवादाची परीक्षा, एवढेच आहे. या युक्तिवादाच्या प्रश्नांतील एक प्रमुख प्रकार असा : एक छोटासा युक्तिवाद देतात, त्याखाली पाच पर्याय देतात आणि विचारतात की, यांपैकी कोणता पर्याय खरा मानल्यास हा युक्तिवाद सर्वाधिक दुर्बल होईल?

माझी पुतणी गणितात हुशार. परंतु या प्रकारात ती वारंवार अडे. सायंकाळी ती प्रश्न मोठ्याने वाची व मराठीत सांगे. "काका, तुम्ही इंग्रजीचं सोडा, नुसता मुद्दा ऐका," असे म्हणे. मी ऐकत गेलो आणि तिच्याबरोबर चुकतही गेलो. त्या चुकांतूनच मला जे कळले, ते आज आपणांपुढे ठेवतो.

नमुन्यादाखल एक प्रश्न मीच रचला आहे. एका शहराच्या नगरपालिकेने सर्व रस्त्यांवर नवे प्रखर दिवे बसविले. पुढील वर्षात तेथील रात्रीच्या चोऱ्या निम्म्यावर आल्या. सबब, चोऱ्या घटल्या त्या या दिव्यांमुळेच, असा युक्तिवाद आहे. आता पर्याय ऐका. पहिला : दिव्यांना अंदाजापेक्षा अधिक खर्च आला. दुसरा : दिवे बसविल्यानंतरही काही चोऱ्या झाल्याच. तिसरा : असे दिवे न बसविलेल्या शेजारच्या शहरांतही त्या वर्षी रात्रीच्या चोऱ्या जवळजवळ निम्म्यावर आल्या. चौथा : त्या शहरातील दिवसाच्या चोऱ्यांत मात्र काही फरक पडला नाही. पाचवा : बहुतेक नागरिकांना रस्ते आता अधिक सुरक्षित वाटतात.

याच धर्तीच्या एका प्रश्नात मी मोठ्या रुबाबाने दुसऱ्या पर्यायासारखे उत्तर दिले होते. पुतणी हसून म्हणाली, "अहो काका, कमी झालं एवढंच म्हटलंय, संपलं असं कुठं म्हटलंय?" मी निरुत्तर झालो. जो दावा केलेलाच नाही तो खोडून काढण्यात पुरुषार्थ कोणता? पहिला पर्याय खर्चाविषयी बोलतो. आपला मुद्दा खर्चाचा नाही. पाचवा लोकांच्या वाटण्याविषयी बोलतो. वाटण्याने चोऱ्यांचे कारण सिद्ध होत नाही व ढळतही नाही. चौथा तर फसवा आहे : दिवसा फरक नाही आणि रात्री आहे, यावरून दिव्यांचाच पक्ष उलट बळकट होतो. उरला तिसरा. दिवे नसताही शेजारी चोऱ्या घटल्या, तर सर्वच शहरांना लागू पडणारे दुसरे काही कारण असावे, अशी शंका उभी राहते. हेच उत्तर.

येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानी घ्यावी. तिसऱ्या पर्यायाने दिवे निरुपयोगी ठरले काय? नाही. कदाचित या शहरात दिव्यांनी आणि शेजारी अन्य कशाने चोऱ्या घटल्या असतील. परंतु 'दिव्यांमुळेच' या शब्दावरील आपला विश्वास पूर्वीइतका दृढ राहत नाही. दुर्बल करणे म्हणजे जमीनदोस्त करणे नव्हे. अनेक विद्यार्थी निष्कर्ष साफ खोटा पाडणारा पर्याय शोधत बसतात आणि तो न सापडल्याने वेळ गमावतात. भाषेच्या विभागात प्रत्येक प्रश्नाला सरासरी दोन मिनिटेदेखील पुरती मिळत नाहीत, हे विसरू नये.

मग रीत कोणती? प्रथम निष्कर्ष शोधावा. 'म्हणून', 'सबब', 'यावरून' अशा शब्दांच्या आसपास तो बहुधा असतो. नंतर आधार कोणता दिला आहे ते पाहावे, आणि तो मान्य करावा. ही गोष्ट आपल्या स्वभावास जड जाते. आपण वादाला उभे राहिलो की प्रथम समोरच्याची माहितीच खोटी म्हणतो. येथे ती मुभा नाही. चोऱ्या निम्म्यावर आल्या हे खरे आणि पर्यायात सांगितलेली गोष्टही खरीच मानावयाची. वाद आहे तो आधार आणि निष्कर्ष यांना जोडणाऱ्या सांध्याविषयी. त्या सांध्यात न बोललेले एक गृहीत लपलेले असते. ते हेरावे आणि त्यालाच धक्का देणारा पर्याय निवडावा.

ही गृहीते फार तऱ्हेची नसतात. एकामागून एक दोन गोष्टी घडल्या की पहिलीला दुसरीचे कारण ठरवितात. तेथे अन्य कारण संभवते काय, किंवा कार्यकारणाचा क्रम उलटा तर नाही, हे पाहावे. दोन गोष्टींची तुलना असते. एका रुग्णालयात दगावणाऱ्यांचे प्रमाण अधिक, म्हणून तेथील उपचार निकृष्ट, असे म्हटले. परंतु अत्यवस्थ रुग्ण तेथेच पाठविले जात असतील तर? कोठे थोड्यांवरून सर्वांविषयी अनुमान असते. आज या सभागृहातील बक्षीसपात्र विद्यार्थ्यांना विचारून 'आपल्या समाजातील मुलांना गणित सोपे जाते' असा ठराव कार्यकारी मंडळाने केला, तर तो कितपत टिकेल, हे आपणच सांगावे! आणि कोठे एखादी योजना असते : शाळेला संगणक दिले म्हणजे निकाल सुधारेल. शाळेच्या वेळात वीजच नसेल, तर त्या योजनेचे काय होईल?

हे सर्व परकीय आहे, असे समजण्याचे कारण नाही. आपल्या न्यायशास्त्रात हाच विचार झालेला आहे. सतराव्या शतकातील अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त पर्वतावरील धूर आणि अग्नी यांचे प्रसिद्ध उदाहरण आहे. धूर दिसला तर अग्नी आहे, हे अनुमान योग्य. परंतु अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, हे अनुमान टिकत नाही. कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, पण धूर नसतो. धूर निघण्यास ओल्या सरपणाचा संयोग लागतो. या न सांगितलेल्या अटीला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. जीमॅटचा परीक्षक जे शोधावयास सांगतो, ते या उपाधीच्या फारच जवळचे आहे.

आता मी स्वतःविषयी एक गोष्ट सांगणार आहे. ती सांगण्यासाठीच मी हा विषय घेतला.

सुमारे ४० वर्षांपूर्वी एका खेड्यात मी शिक्षक होतो. माझ्या वर्गातील एक मुलगा नित्य पेंगत असे. गृहपाठ अपुरा, वही कोरी. मी अनुमान केले की, याला विद्येची गोडी नाही. मी त्याच्या वडिलांना शाळेत बोलावून सांगितले, "याचं मन शिक्षणात नाही. तुम्ही याला शेतीला लावा." वडिलांनी हात जोडले आणि म्हणाले, "गुरुजी, तुम्ही म्हणता तर तसंच असंल." पुढल्या वर्षी तो मुलगा शाळेत आला नाही.

अनेक वर्षांनी त्याच वर्गातील एक विद्यार्थी मला एसटीच्या स्थानकावर भेटला. बोलता बोलता त्या मुलाचा विषय निघाला. तो म्हणाला, "गुरुजी, रात्री वीज यायची तेव्हा तो बापाबरोबर पिकाला पाणी द्यायला जायचा. पहाटेपर्यंत मोटारीवर असायचा." माझा आधार खरा होता, मुलगा झोपत होता हे मी डोळ्यांनी पाहिले होते. निष्कर्ष मात्र चुकला. एक साधा प्रश्न, 'बाळ, रात्री झोपतोस केव्हा?', मी विचारला असता, तर माझा युक्तिवाद तेथेच ढासळला असता. तो प्रश्न मी विचारला नाही. आणि ज्यास उत्तर ठाऊक होते तो बाप, गुरुजींना उलट कसे बोलावे म्हणून, गप्प राहिला.

ज्ञातिबांधवहो, परीक्षेत चुकलेल्या उत्तराने फार तर गुण जातात. त्या दिवशी माझ्या उत्तराने एका मुलाची शाळा गेली. ती मला परत देता आली नाही.

म्हणून वडीलधाऱ्या मंडळींस माझी विनंती आहे. आपल्या घरांत मुलाने 'पण बाबा' म्हटले की आपण त्यास उद्धट ठरवितो. तो आपला अवमान करीत नसतो. आपल्या बोलण्यातील सांधा तपासीत असतो. मुलगी शिकली तर परकी होते, अमक्याचा मुलगा वाणिज्य शाखेला गेला म्हणून वाया गेला, असे निष्कर्ष आपण ओटीवर बसून सहज काढतो. ते काढताना निदान एकदा विचारावे : असे काय खरे असेल, की जेणेकरून माझे हे म्हणणे लंगडे पडेल?

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांसही एक सांगणे आहे. ही विद्या दुसऱ्याचे म्हणणे पाडण्यासाठीच वापराल, तर वाचाळ व्हाल. ती प्रथम स्वतःच्या मतावर चालवा. समोरच्याचा आधार मान्य करून, त्याचा मान राखून, नम्रपणे शंका विचारता येते, हे या परीक्षेनेच मला शिकविले. माझ्या पुतणीने यंदा ती परीक्षा चांगल्या गुणांनी पार पाडली; तथापि तिच्या सायंकाळच्या अभ्यासात मला जे मिळाले, ते तिच्या गुणांहून थोडे नाही, असे मी मानतो.

आपण सर्वांनी माझे बोलणे शांतपणे ऐकून घेतलेत. त्यात एखादा सांधा कच्चा राहिला असेल, तर तो दाखविण्याची मुभा येथील लहानात लहान विद्यार्थ्यासही आहे.